छातीतील जळजळ आणि घशाशी येणारे आम्ल: खाण्याच्या सवयी टप्प्याटप्प्याने कशा बदलाव्यात

छातीत जळजळ होऊ लागली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मी काय खाणे बंद करू?" त्याला उत्तर म्हणून मिळणारी यादी इतकी लांब असते की ती तंतोतंत पाळली, तर ताटात फारसे काही उरत नाही. चार दिवस उत्साहाने पथ्य पाळले जाते, पाचव्या दिवशी कंटाळा येतो आणि मग सगळेच सोडून दिले जाते. या लेखाचा क्रम म्हणूनच वेगळा आहे. आधी जेवणाची वेळ, मग जेवणाचे प्रमाण, मग झोपण्याची पद्धत आणि त्यानंतर पदार्थ. हा क्रम केवळ सोयीसाठी निवडलेला नाही. खाण्यापिण्याचे आणि राहणीमानाचे उपाय तपासणारा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजन कमी करणे आणि पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करणे या दोन गोष्टींचा उपयोग दिसून आला, परंतु ठरावीक पदार्थ सरसकट वर्ज्य केल्याने फायदा होतो याला फारसा आधार सापडला नाही. पदार्थांचा त्रास खोटा आहे, असा याचा अर्थ नाही. तो माणसागणिक वेगळा असतो, एवढाच आहे.

आम्ल वर का येते

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते आणि ती जठराला जिथे मिळते, तिथे स्नायूंचे एक वर्तुळ झडपेचे काम करते. घास खाली उतरताना ही झडप उघडते आणि लगेच मिटते. बाहेरून श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचे, स्नायू तिला आवळून धरतात. मात्र ही झडप गिळण्याशिवायही अधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडते. जठरात साठलेली हवा ढेकरेवाटे बाहेर पडावी म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे आणि ती प्रत्येकात असते. जठराचा वरचा भाग ताणला गेला की असे सैल पडणे वाढते, आणि त्या क्षणी हवेबरोबर आम्लही वर आले की छातीत जळजळ, आंबट ढेकर किंवा घशाशी येणे असा त्रास होतो. बहुतेक रुग्णांत झडप कायमची निकामी झालेली नसते, ती नको त्या वेळी आणि वारंवार उघडत असते. 'पोट भरून जेवणे' हे या विकारातले एक मोठे कारण का ठरते, हे यावरून लक्षात यावे.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. जेवणानंतर नव्याने स्रवलेले आम्ल सगळेच्या सगळे अन्नात मिसळत नाही. त्याचा काही भाग अन्नाच्या वरच्या थरावर, म्हणजे झडपेच्या अगदी जवळ साचून राहतो. "अन्नामुळे आम्ल पातळ होते, मग जेवल्यावरच जळजळ का होते?" या प्रश्नाचे उत्तर या थरात आहे. जेवणानंतरचे दोन-तीन तास आडवे होणे, वाकणे किंवा जड वस्तू उचलणे टाळायचे, तेही याच थरामुळे.

अन्ननलिकेकडे बचावाची साधने दोन आहेत: एक तिचे स्वतःचे आकुंचन, जे वर आलेले आम्ल पुन्हा खाली ढकलते, आणि दुसरी लाळ, जिच्यातील बायकार्बोनेट उरलेसुरले आम्ल निष्प्रभ करते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणेही फार कमी होते. त्यामुळे दिवसा काही मिनिटांत धुऊन निघणारे आम्ल रात्री अन्ननलिकेत बराच वेळ रेंगाळते. रात्रीचा त्रास म्हणूनच अधिक इजा करणारा असतो, आणि उपायांची सुरुवातही तिथूनच करायची आहे.

त्याआधी: हे घरी हाताळण्याजोगे आहे का

छातीत दाब किंवा आवळल्यासारखी वेदना होत असेल, ती हात, मान किंवा जबड्याकडे जात असेल, सोबत घाम, दम किंवा चक्कर असेल, तर तिला ॲसिडिटी समजून अँटासिड घेत बसू नये. थेट तातडीच्या वैद्यकीय मदतीकडे जावे. हृदयविकाराचा झटका आणि जळजळ यांतला फरक केवळ वर्णनावरून ओळखण्यात अनुभवी डॉक्टरांचीही फसगत होऊ शकते.

घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, रक्तक्षय, सतत उलट्या, किंवा वयाच्या साठीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास आहारातले प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैल पडते आणि वाढत्या गर्भाशयाचा दाबही पडतो. त्या काळातील जळजळ सर्वसामान्य असली, तरी औषध मात्र विचारूनच घ्यावे. केवळ खोकला, आवाज बसणे किंवा सतत घसा खाकरणे एवढीच लक्षणे असतील आणि जळजळ मुळीच नसेल, तर आम्लाखेरीज दुसरी कारणेही तितकीच संभवतात, त्यामुळे तिथे महिनोन्महिने पथ्यावर विसंबू नये.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची नोंद, काहीही न बदलता

एका वहीत रोज पाच गोष्टी लिहाव्यात: काय खाल्ले, साधारण किती खाल्ले, किती वाजता खाल्ले, आडवे किती वाजता झालात, आणि त्रास केव्हा व किती झाला. त्रासाला ० ते १० असा आकडा द्यावा. औषध घेतले असल्यास त्याची वेळ लिहावी. पट्टा किंवा कपडे घट्ट होते का, जेवणानंतर वाकून काम केले का, झोप कशी लागली, हे आठवेल तसे जोडावे. या दोन आठवड्यांत मुद्दाम पथ्य पाळू नये, नाहीतर तुलना करायला मूळ स्थितीच हाती राहत नाही.

नोंद वाचताना पदार्थाकडे आधी पाहण्याचा मोह होतो. तो आवरून वेळेकडे आधी पाहावे. समजा, एखाद्याला टोमॅटोचा संशय आहे आणि वहीत टोमॅटो आठ वेळा आला आहे. त्यांपैकी दुपारच्या पाच जेवणांनंतर काहीही झाले नाही, आणि रात्री उशिराच्या तीन जेवणांनंतर तीनही वेळा जळजळ झाली. येथे मुख्य दोषी रात्रीची वेळ आहे, टोमॅटो फार तर साथीदार असेल. अशी उदाहरणे वह्यांमध्ये पुष्कळ सापडतात, आणि माझ्या मते या विकारात सर्वाधिक अन्याय पदार्थांवर झालेला आहे.

दुसरी पायरी: शेवटचे जेवण आणि झोप यांत तीन तास

घन आहाराचा निम्मा भाग जठरातून पुढे सरकायला साधारण दोन तास लागतात, आणि जेवण तेलकट असेल तर त्याहून अधिक. म्हणून रात्रीचे जेवण संपल्यापासून आडवे होईपर्यंत किमान तीन तासांचे अंतर असावे. अकराला झोपणाऱ्याचे जेवण आठपर्यंत संपलेले हवे. 'संपलेले' म्हणजे त्यानंतर दूध, फळ, बिस्किट, मूठभर दाणे असे काहीही नाही, फक्त घोटभर पाणी. नंतरचे हे किरकोळ खाणे नोंदवहीत हमखास लिहायचे राहून जाते.

एकदम दोन तास अलीकडे जेवण ओढले तर भूक साथ देत नाही आणि रात्री पुन्हा काहीतरी खाल्ले जाते. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे सरकत गेले की महिन्याच्या आत सवय बसते. ज्यांची कामाची वेळच उशिरा संपते, त्यांनी दिवसातले मोठे जेवण दुपारी करावे, संध्याकाळी काम चालू असतानाच पोटाला आधार होईल असे खाऊन घ्यावे आणि घरी आल्यावर अगदी थोडे, कमी स्निग्ध, मऊ शिजवलेले अन्न घ्यावे. रात्रपाळी करणाऱ्यांना घड्याळातील तास लागू नाहीत. त्यांनी आपल्या झोपेच्या वेळेपासून मागे तीन तास मोजावेत. दुपारच्या जेवणानंतर डुलकी घेण्याची सवय असेल, तर तीही याच हिशेबात धरावी. आरामखुर्चीत टेकून घेतलेली डुलकी पलंगावरच्या डुलकीपेक्षा बरी.

तिसरी पायरी: प्रमाण

झडपेला अन्नाचे नाव कळत नाही, जठर किती ताणले गेले एवढेच तिच्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे पथ्याचा पदार्थसुद्धा तुडुंब खाल्ला तर त्रास देतो. नेहमीच्या प्रमाणाच्या तीन-चतुर्थांश वाढून घ्यावे, ते संपल्यावर वीस मिनिटे थांबावे आणि खरोखर भूक असेल तरच आणखी घ्यावे. ताट लहान घेतले तर हे सोपे जाते. दिवसभराचे अन्न तीन बेताच्या जेवणांत आणि एक-दोन छोट्या खाण्यांत विभागावे. "थोडे थोडे, वारंवार" हा सल्ला मात्र ताणू नये. दर तासाला तोंड चालवणाऱ्याचे जठर कधी रिकामे होतच नाही आणि प्रत्येक खाण्याबरोबर आम्लाचा स्रावही सुरू राहतो.

जेवताना प्यायलेले पाणी, सूप, ताक, सरबत हेही आकारमानात मोजले जाते. पाण्यावर बंदी नाही. घास उतरण्यापुरते प्यावे आणि मोठा पेला दोन जेवणांच्या मधल्या वेळेसाठी ठेवावा. हळू खाण्याबद्दलचे अभ्यास एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, तरीही घाईने खाणारा जास्त हवा गिळतो आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधी जास्त अन्न पोटात घालतो, एवढ्या दोन कारणांसाठी तरी जेवणाला वीस मिनिटे द्यावीत.

जेवणानंतर अर्धा-एक तास ताठ बसावे, उभे राहावे किंवा सावकाश चालावे. पळणे, उड्या, वजन उचलणे आणि पोटावर दाब आणणारे व्यायाम दोन तासांनंतर करावेत. बागकाम, फरशी पुसणे, खालच्या कप्प्यांची आवराआवर अशी वाकून करायची कामे जेवणाआधी उरकावीत. पट्टा एक भोक सैल करावा, कारण पोटाभोवती घट्ट बसणारे कपडे जठरावरचा दाब खरोखरच वाढवतात. बिनसाखरेचे च्युइंगगम अर्धा तास चघळल्याने लाळ वाढते आणि आम्ल धुऊन निघायला मदत होते, फक्त ते पुदिन्याच्या स्वादाचे नसावे.

चौथी पायरी: झोपण्याची पद्धत

हा भाग आहाराचा नाही, पण आहारातील बदलांचे फळ मिळायचे तर तो टाळून चालणार नाही.

रात्री त्रास होणाऱ्यांनी पलंगाच्या डोक्याकडील दोन्ही पायांखाली भक्कम ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. ठोकळे घसरणारे नसावेत आणि पाय त्यात नीट बसणारा असावा. हे शक्य नसेल, किंवा पलंगावर शेजारी झोपणाऱ्याला उतार नको असेल, तर कमरेपासून डोक्यापर्यंत आधार देणारी उतरती उशी वापरावी. दोन-तीन साध्या उशा एकावर एक रचून भागत नाही, कारण त्यामुळे फक्त मान आणि खांदे उचलले जातात, शरीर कमरेत दुमडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

डाव्या कुशीवर झोपावे. जठराचा मोठा भाग शरीराच्या डाव्या बाजूला असल्यामुळे डाव्या कुशीवर आम्ल खाली साचते आणि झडप त्याच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर मात्र अर्धी भरलेली बाटली तोंडाच्या बाजूला कलवावी तशी स्थिती होते. झोपेत कूस बदलतेच, तिचा पहारा करण्यात अर्थ नाही. निदान झोपताना डावी कूस घ्यावी आणि पाठीमागे लांब उशी ठेवावी.

पाचवी पायरी: पदार्थांची चाचणी

वरचे तीन बदल तीन-चार आठवडे पाळूनही त्रास उरला, तरच या पायरीकडे यावे. अनेकांना तिची गरज मर्यादितच पडते.

संशयित पदार्थ तीन वेगवेगळ्या कारणांनी त्रास देतात आणि हे वेगळेपण व्यवहारात उपयोगी आहे. पहिल्या गटात झडप सैल करणारे किंवा जठर रिकामे व्हायला उशीर लावणारे पदार्थ येतात: तळलेले आणि अतिस्निग्ध अन्न, साय-लोण्याचे पदार्थ, चॉकलेट, पुदिना, मद्य. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की तिथून स्रवणारे संप्रेरक जठराचा वेग कमी करते आणि झडपेचा दाबही उतरवते. म्हणून हा गट घशात किंवा छातीत झोंबत नसला, तरी तासा-दोन तासांनी हिशेब चुकता करतो. पुदिना अनेकांना पाचक आणि थंड वाटतो, पण जळजळ असणाऱ्याने त्याच्याबद्दल सावध राहावे, कारण त्याचे तेल गुळगुळीत स्नायू (म्हणजे आपल्या इच्छेशिवाय काम करणारे स्नायू) सैल करते आणि झडपही त्याच प्रकारच्या स्नायूंची बनलेली आहे.

दुसऱ्या गटात केवळ झोंबणारे पदार्थ येतात: संत्रे, लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर, तिखट मिरची. हे आम्ल वर आणतातच असे नाही, अन्ननलिकेच्या आधीच सोललेल्या अस्तराला त्यांचा स्पर्श सहन होत नाही. यातली दिलासा देणारी बाब अशी की अस्तर भरून आले की यांतले बरेच पदार्थ परत खाता येतात. आज संत्रे चालत नाही म्हणून ते कायमचे गेले, असे समजू नये. तिसरा गट पोट फुगवणाऱ्यांचा आहे: फसफसणारी पेये, कच्चा कांदा, आणि काहींच्या बाबतीत मोठ्या आतड्यात आंबून वायू करणारे पदार्थ. अशा आंबण्यामुळेही झडप वारंवार सैल पडते, असे प्रयोगांत दिसले आहे.

चाचणीची पद्धत अशी. नोंदवहीत ज्या पदार्थावर सर्वाधिक संशय आहे असा एकच निवडावा आणि दोन आठवडे पूर्णपणे सोडावा. बाकीचे जेवण, जेवणाच्या वेळा आणि औषधे यांत या काळात बदल करू नये. त्रासाचा सरासरी आकडा उतरला नाही, तर तो पदार्थ निर्दोष समजून यादीतून काढून टाकावा. हे पाऊल बहुतेक जण विसरतात आणि यादी नुसती वाढत जाते. आकडा उतरला, तर पदार्थ परत आणून खात्री करावी. इतर काही गडबड नसलेल्या दिवशी, दुपारच्या जेवणात, नेहमीच्या प्रमाणात तो घ्यावा आणि पुढचे तीन तास लक्ष ठेवावे. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. तीनपैकी दोनदा त्रास झाला तर संशय खरा. मग निम्म्या प्रमाणात चालतो का, दुसऱ्या अन्नाबरोबर चालतो का, दिवसा चालतो पण रात्री नाही असे आहे का, हे तपासावे. पूर्ण बंदी हे शेवटचे उत्तर असावे. त्रास फारच असेल तर तिन्ही गट दोन आठवडे एकदम थांबवून नंतर एकेक पदार्थ परत आणता येतो. मात्र परत आणण्याचा टप्पा गाळला, तर आहार कायमचा तोकडा होतो आणि त्यातून कुपोषणाचा नवाच प्रश्न उभा राहतो.

चहा, कॉफी, दूध आणि काही लोकप्रिय उपाय

कॉफीबद्दल अभ्यासांचे एकमत नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात चहा, कॉफी किंवा फसफसणारी शीतपेये यांचे रोजचे दोन पेले कमी करून त्याऐवजी पाणी घेणे आणि लक्षणे कमी असणे यांचा संबंध दिसला. हे निरीक्षण फक्त स्त्रियांच्या गटातले असल्यामुळे त्याला नियमाचे स्थान देता येत नाही, तरीही दिवसाला दोन पेल्यांची मर्यादा घालून पाहायला हरकत नाही. रिकाम्या पोटी घेतलेला पेला आणि खाण्यानंतरचा पेला यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. दुधाचा आराम क्षणिक असतो. त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आम्लाचा स्राव वाढवतात, आणि सायीच्या दुधात स्निग्धांशाची भर पडते. झोपण्यापूर्वीचा दुधाचा पेला तर तीन तासांचा नियमही मोडतो.

खाण्याचा सोडा पाण्यातून घेतल्याने जळजळ तात्काळ शमते, हे खरे आहे. परंतु चहाच्या एका चमचाभर सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि त्यातून निघणारा वायू जठर फुगवतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, इतरांनीही त्याची सवय लावून घेऊ नये. जठरात आम्ल कमी पडते म्हणून जळजळ होते, या समजुतीने व्हिनेगर पिणे हा उपाय अस्तर आधीच सुजलेल्या माणसासाठी निव्वळ त्रासाचा आहे.

मग खायचे काय

भरड धान्ये, ओट्स, शिजवलेल्या भाज्या, पचतील तेवढ्या डाळी, केळी, सफरचंद आणि खरबुजासारखी कमी आंबट फळे, कमी चरबीचे मांस, मासे, अंडी, असा साधा आहार बहुतेकांना सोसतो. तळण्याऐवजी उकडणे, वाफवणे आणि भाजणे स्वीकारले की तोच पदार्थ वेगळा वागतो. वरून घेतलेले तेल, लोणी आणि साय आधी मोजावी, मग कमी करावी. साखर आणि गोड पेये कमी केल्यानेही काहींना आराम पडतो.

तंतुमय पदार्थांकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, आहारात तंतू कमी असलेल्या रुग्णांनी इसबगोल ५ ग्रॅम दिवसातून तीनदा घेतल्यावर जळजळीचे प्रमाण लक्षणीय घटले. अभ्यास लहान आहे, पण उपाय स्वस्त आहे. इसबगोल घ्यायचे तर एका छोट्या चमच्यापासून सुरुवात करावी, पेलाभर पाण्यासोबतच घ्यावे आणि गिळण्यास त्रास असेल तर मुळीच घेऊ नये, कारण ते अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगते आणि तिसऱ्या गटातली अडचण उद्भवते, म्हणून ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत.

वजन, तंबाखू, श्वास

पोटाच्या घेराबरोबर जठरावरचा दाब वाढतो. २००६ साली दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ३.५ पेक्षा अधिक वाढला त्यांच्यात वारंवार जळजळ होण्याची शक्यता वजन स्थिर असलेल्यांच्या तुलनेत सुमारे २.८ पट आढळली, आणि हा संबंध आरंभी वजन बेताचे असलेल्या स्त्रियांतही दिसला. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही वाढ साधारण साडेनऊ किलोंची होते. म्हणजे लठ्ठ नसलेल्यानेही गेल्या काही वर्षांत चढलेले वजन उतरवणे हा या विकाराचा थेट उपचार आहे. वजन आधीच कमी असणाऱ्यांना मात्र हा सल्ला लागू नाही.

तंबाखूमुळे झडपेचा दाब उतरतो आणि लाळही घटते, त्यामुळे ती कोणत्याही रूपात सोडावीच. पोटाने श्वास घेण्याचा सराव श्वासपटलाच्या स्नायूंना बळ देतो आणि लहान अभ्यासांत त्याचा उपयोग दिसला आहे: ताठ बसून एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवावा, नाकाने सावकाश श्वास घेताना फक्त पोटावरचा हात वर यावा, आणि दुप्पट वेळ लावून श्वास सोडावा. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

औषधांशी मेळ

जेवणानंतर आणि झोपताना घ्यायची अल्जिनेटयुक्त औषधे अन्नावर तरंगणारा थर तयार करतात आणि वर साचलेल्या आम्लाला अडवतात. जेवणानंतर त्रास होणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या वर्गातील गोळ्या जेवणाआधी ३० ते ६० मिनिटे घ्यायच्या असतात, कारण जेवणाने आम्ल बनवणारे पंप जागे होतात त्या वेळी औषध रक्तात असावे लागते. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी म्हणूनच निष्फळ वाटते. त्या दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवल्यास आम्लाचा स्राव काही काळ उसळतो आणि "पथ्य कामाचे नाही" असा गैरसमज होतो. त्या कमी कशा करायच्या, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अँटासिड आणि थायरॉइडच्या, लोहाच्या किंवा काही प्रतिजैविकांच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, दोघांत किती तासांचे अंतर ठेवायचे ते विचारून घ्यावे.

दुसऱ्या विकारांसाठी चालू असलेली औषधेही त्रासाचे मूळ असू शकतात: वेदनाशामक गोळ्या, ॲस्पिरिन, रक्तदाबाची काही औषधे, हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या. ती परस्पर बंद करू नयेत. नोंदवही डॉक्टरांना दाखवून पर्याय विचारावा. कोणतीही गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये.

नियम सैल केव्हा करायचे

सहा आठवडे वेळ, प्रमाण आणि झोप यांचे नियम पाळूनही आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा जळजळ होत असेल, तर आणखी पदार्थ सोडत जाण्याऐवजी तपासणी करून घ्यावी. अशा वेळी एंडोस्कोपी (दुर्बिणीने अन्ननलिका आणि जठराची तपासणी) लागेल की औषधाचा आठ आठवड्यांचा नियमित क्रम पुरेल, हे डॉक्टर वहीतल्या नोंदींवरून अधिक नेमके ठरवू शकतात. त्रास शमला असेल, तर सर्वांत आधी झोंबणाऱ्या गटातले पदार्थ परत आणावेत, दिवसा आणि थोड्या प्रमाणात. त्यानंतर चहा-कॉफी आणि पोट फुगवणाऱ्यांची पाळी. तळलेले आणि अतिस्निग्ध पदार्थ शेवटी, आणि तेही दुपारीच. रात्रीचे तीन तास मात्र सैल करू नयेत. समारंभात किंवा प्रवासात एखाद्या रात्री ते मोडलेच, तर कमी जेवावे, बसून वेळ काढावा, डाव्या कुशीवर झोपावे आणि दुसऱ्या दिवशी वहीत तसे लिहून ठेवावे.